नळी नवव्या दिवशीही का होती?

माझे चाचा सोनगीरचे. मुंबई-आग्रा महामार्गाला लागून, किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेलं हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी सगळ्या खानदेशात ओळखलं जातं. भांडी घडवणारे तांबट वेगळे, आमचे चाचा कल्हईवाले. भाता, कोळसा, नवसागर आणि कथील एवढ्या भांडवलावर त्यांनी पाच मुलं वाढवली. घरात उर्दूच्या वळणाची हिंदी, बाजारात अहिराणी आणि कागदावर मराठी असा त्यांचा कारभार. स्टीलची भांडी आली, कल्हईचं काम आटलं, तरी गावात चाचांची ओळख कल्हईवाले म्हणूनच राहिली.

वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी महामार्ग ओलांडताना त्यांना एका मोटारसायकलची धडक बसली. मांडीचं हाड मोडलं. धुळं वीसेक किलोमीटरवर, तासाभरात ते तिथल्या एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत होते. रक्तदाब उतरलेला, मधुमेह जुना. लघवीची नळी घातली गेली. ते बरोबरच होतं. रक्तदाब कोसळलेल्या माणसाच्या लघवीचं माप तासातासाला घ्यावं लागतं, नाहीतर मूत्रपिंड चालतंय की थांबलंय हे कळत नाही. ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी रक्तदाब ठीक होता. पाठीला उशी लावून चाचा बसले, चहा प्यायले, मोबाईलवर नातीशी बोलले. नळी तशीच होती.

आणि रोज ते एकच म्हणत होते, "बेटा, ये नली निकलवा दे. मुझे पाक होना है."

त्यांना नमाज पढायची होती. पोटाखाली पेशाबाची पिशवी लटकत असताना आपली नमाज होते की नाही, याची त्यांना टोचणी लागली होती. आजारी माणसाला धर्मात सवलत आहे, मजबुरीत नमाज होते, असं आम्ही त्यांना समजावत राहिलो. ते खरंही होतं. पण ते समजावताना आपण मूळ प्रश्न टाळतोय, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. मजबुरी उरली होती का? नळीची गरज होती का? हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला नाही. सिस्टरला एकदा विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू द्या, बरं पडतं." मीही मान डोलावली. चादर ओली होत नव्हती, रात्री कुणाला उठावं लागत नव्हतं, आम्हालाही बरंच पडत होतं.

नवव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. आम्ही डॉक्टरांभोवती गर्दी केली आणि म्हणालो, "साहेब, पैशाची काळजी करू नका, भारीतलं भारी औषध द्या." भारीतलं औषध सुरू झालं. कल्चरचा नमुना गेला तो त्यानंतर. बाराव्या दिवशी रिपोर्ट आला. जंतूचं नाव क्लेबसिएला. खाली औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येक नावापुढे इंग्रजी 'आर' अक्षर. आर म्हणजे रेझिस्टंट, म्हणजे हे औषध या जंतूवर चालत नाही. जवळजवळ सगळी यादीच आर. शेवटी कोलिस्टिन दिलं. या औषधाने मूत्रपिंडाला इजा होते म्हणून जगाने ते काही दशकांपूर्वी बाजूला ठेवलं होतं, आणि आता दुसरं काही चालत नाही म्हणून परत काढलं. चाचांचं मूत्रपिंड आधीच मधुमेहाने दुबळं होतं. सतराव्या दिवशी ते गेले. नळी निघाली ती त्यानंतर.

मृत्यूच्या दाखल्यावर हृदय आणि श्वास बंद पडल्याने मृत्यू, असं लिहिलेलं आहे. जगात प्रत्येक माणूस हृदय आणि श्वास बंद पडूनच मरतो. त्या कागदावर ना नळी आहे, ना क्लेबसिएला, ना आर.

चाचांना नळीनेच मारलं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. वय होतं, साखर होती, अपघात होता. त्या रुग्णालयाचं नावही मी घेणार नाही, कारण नाव घेतलं की भांडण त्या एका इमारतीशी होतं आणि बाकीच्या सगळ्या इमारती सुटतात. माझं भांडण एका सवयीशी आहे. ती सवय डॉक्टरांची आहे, सरकारची आहे, औषध दुकानदाराची आहे आणि आपलीही आहे.

आधी ही गोष्ट घडते कशी ते समजून घेऊ. लघवीची पिशवी, म्हणजे मूत्राशय, निसर्गाने बंद ठेवलेली खोली आहे. लघवी वरून खाली वाहते आणि वाटेतले जंतू धुऊन नेते. नळी घातली की तो दरवाजा रात्रंदिवस उघडा राहतो. नळीच्या बाहेरच्या अंगाने जंतू वर सरकतात. पिशवी रिकामी करताना हात नीट धुतले नसतील, पिशवी जमिनीला टेकली असेल किंवा रुग्णाला हलवताना कमरेच्या वर उचलली गेली असेल, तर आतल्या बाजूनेही ते चढतात. मग नळीच्या आतून जंतूंचा एक चिकट थर बसतो. चाचांच्या भाषेत सांगायचं तर जंतू नळीला कल्हई करतात. फरक इतकाच की चाचांची कल्हई माणसाला वाचवायची, ही कल्हई जंतूला वाचवते. त्या थराखाली दडलेल्या जंतूपर्यंत औषध नीट पोचत नाही. उघड्यावर मरणारा जंतू तिथे कितीतरी पट जास्त औषधालाही दाद देत नाही.

जगभर मानला जाणारा हिशेब असा की नळी असलेल्या रुग्णांत दर दिवसागणिक शंभरातल्या ३ ते ७ जणांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. महिनाभर नळी राहिली तर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. म्हणजे धोका दिवसांच्या हिशेबाने वाढतो. चौथ्या दिवशी निघू शकणारी नळी नवव्या दिवशीही असेल, तर मधले पाच दिवस आपण फुकट जुगार खेळलो. पैज आपली नव्हती, चाचांची होती.

आता यातली दुसरी गफलत बघा. नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू सापडले म्हणजे त्याला आजार झालाच असं नाही. ताप नाही, रक्तदाब ठीक, दुसरी लक्षणं नाहीत, फक्त रिपोर्टमध्ये जंतू आहेत, तर बहुतेक रुग्णांना अँटिबायोटिक द्यायचं नसतं, हे वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन व्हायचं असलेला रुग्ण असे मोजके अपवाद आहेत. पण रिपोर्टवर जंतूचं नाव छापून आलं की डॉक्टरचा हात थांबत नाही आणि नातेवाईकाचं तोंड थांबत नाही. औषध सुरू होतं. दुबळे जंतू मरतात, दांडगे उरतात, आणि नळी जागेवरच असल्याने त्यांना राहायला घरही मिळतं. पुढच्या वेळी खरा ताप येतो तेव्हा त्या घरात फक्त दांडगेच असतात. आयसीयूत हे दांडगे एका खाटेवर थांबत नाहीत. न धुतलेल्या हातांवर बसून ते शेजारच्या खाटेवर जातात. तिथे हिंदू आहे की मुसलमान, पाटील आहे की पिंजारी, हे जंतू विचारत नाही.

या गोष्टीचा आपल्या देशाशी एक जुना संबंध आहे आणि तो लघवीच्याच एका नमुन्यापासून सुरू होतो. मूळचा भारतीय असलेला स्वीडनचा एक रुग्ण दिल्लीत रुग्णालयात राहून परत गेला. २००८ मध्ये तिकडे त्याच्या लघवीत क्लेबसिएला सापडला. तो जंतू कार्बापेनेम गटातल्या औषधांना दाद देत नव्हता. मेरोपेनेम, इमिपेनेम ही त्या गटातली औषधं, म्हणजे आपल्या आयसीयूंचा शेवटचा भरवसा. ज्या जनुकामुळे हे घडत होतं त्याला २००९ साली नाव मिळालं एनडीएम-१, 'न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज'. हे जनुक एका जंतूकडून वेगळ्या जातीच्या दुसऱ्या जंतूकडेही सहज जाऊ शकतं. २०१० च्या ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट' गटाच्या नियतकालिकात भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधल्या अशा जंतूंवर मोठा लेख आला, आणि आपल्याकडे गहजब झाला.

गहजब कशाचा? जंतूचा नाही, नावाचा. दिल्लीचं नाव का दिलं? आपल्या मेडिकल टुरिझमवर डाव आहे, परदेशी कंपन्यांचा कट आहे, देशाची बदनामी आहे. संसदेत आवाज उठला, आरोग्य मंत्रालयाने निषेध केला. पुढे २०११ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी नाव देण्यात चूक झाली असं म्हणत माफी मागितली. आपण जिंकलो! त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिल्लीतल्या सार्वजनिक नळांच्या पाण्याचे ५० नमुने तपासले गेले होते, त्यातल्या २ मध्ये हे जनुक सापडलं. रस्त्यावर साचलेल्या, पाझरलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये सापडलं. जनुकाने काही माफी मागितली नाही.

कटाच्या गप्पा मारणाऱ्यांनी एक गोष्ट कधीच सांगितली नाही. तो परदेशी लेख येण्याच्या पाच महिने आधी, मार्च २०१० मध्ये, आपल्या मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या डॉक्टरांच्या नियतकालिकात हेच लिहिलं होतं. कार्बापेनेमला दाद न देणारे २४ जंतू त्यांनी तपासले, त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ होतं. त्याच अंकात चेन्नईचे डॉ. अब्दुल गफूर यांनी संपादकीय लिहिलं, अँटिबायोटिक्सच्या मृत्यूचा मृत्युलेख म्हणून. म्हणजे घरातल्याच माणसांनी आग लागल्याचं ओरडून सांगितलं होतं. आपण त्यांचं ऐकलं नाही. शेजाऱ्याने तेच सांगितलं तेव्हा त्याच्याशी भांडलो. याच डॉ. गफूर यांनी २०१२ मध्ये देशभरातल्या वैद्यकीय संघटनांना चेन्नईत एकत्र बसवून एक जाहीरनामा केला. देशभक्ती म्हणतात ती ही. स्वतःच्या घरातली घाण दाखवायला जास्त हिंमत लागते.

मुसलमान वाचकाला हे वेगळं सांगायची गरज पडू नये. टीका झाली की ती कुणी केली, का केली, त्यामागे कोण आहे, हे आधी शोधायचं आणि टीका खरी आहे का हे कधीच बघायचं नाही, हा रोग आपल्या समाजालाही जुना आहे. देशाला तो २०१० मध्ये झाला, एवढंच.

आज हिशेब काय आहे? जागतिक अभ्यासाप्रमाणे २०१९ साली औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे थेट मेलेल्यांची संख्या १२ लाख ७० हजार होती. त्यातले सुमारे ३ लाख भारतातले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मोठ्या रुग्णालयांतली पाहणी दरवर्षी येते आणि क्लेबसिएलाचं चित्र दरवर्षी बिघडत जातं. अलीकडच्या अहवालांत त्याचे निम्म्याहून अधिक नमुने इमिपेनेमला जुमानत नाहीत. हे मोठ्या रुग्णालयांचं झालं. आपल्या धुळे, जळगाव, नंदुरबारच्या छोट्या खासगी आयसीयूंत काय चाललंय याची पाटी कुठल्या दरवाज्यावर लागलेली तुम्ही पाहिली आहे? मी पाहिलेली नाही. खोलीचं भाडं लिहिलेलं असतं, भेटीची वेळ लिहिलेली असते. इथे किती रुग्णांना नळीचा संसर्ग झाला, हे लिहिलेलं नसतं.

आता डॉक्टरांची बाजू घेऊ, कारण ती खोटी नाही. ते म्हणतील, गंभीर संसर्ग झालेला माणूस समोर असताना कल्चरच्या रिपोर्टसाठी तीन दिवस थांबू का? नका थांबू. तासाभरात औषध सुरू करा, मोठं सुरू करा. पण औषधाआधी नमुना घ्या, याला पाच मिनिटं लागतात. तो पिशवीतून घेऊ नका, नळीच्या नमुन्यासाठी असलेल्या जागेतून घ्या. नळी जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीतून घ्या, नाहीतर रिपोर्ट माणसाचा न येता त्या कल्हईचा येतो. आणि रिपोर्ट आल्यावर तो बघा. छोट्या औषधाने भागत असेल तर मोठं बंद करा. आपल्याकडे चढण्याची शिडी सगळ्यांना माहीत आहे. सेफ्ट्रियाक्झोनवरून पिपरासिलिन, तिथून मेरोपेनेम, तिथून कोलिस्टिन. उतरण्याची शिडी कुणी ठेवतच नाही.

ते म्हणतील, सिस्टर कमी आहेत. हे मात्र शंभर टक्के खरं आहे. एका सिस्टरकडे नको तितक्या खाटा असतील तर ती नळी कशी काढेल? नळी काढली की रुग्णाला तासा-दोन तासांनी भांडं द्यावं लागणार, चादर बदलावी लागणार, मावशीला हाक मारावी लागणार. म्हणजे नळी तिथे राहते ती रुग्णाच्या गरजेसाठी नाही, माणसं कमी आहेत म्हणून. मग तसं बोला ना! दोन सिस्टरच्या पगाराची बचत रुग्णाच्या मूत्राशयातून केली जाते, हे बिलावर लिहा. आयसीयूचं भाडं घेताना मनुष्यबळाचे पैसे घेतले जातात, मग ते मनुष्यबळ कुठे आहे?

कुणी म्हणेल, चांगल्या प्रतीची नळी आणा. हाही प्रयोग होऊन गेला आहे. ब्रिटनमधल्या २४ रुग्णालयांत ७ हजारांहून अधिक रुग्णांवर थोड्या दिवसांच्या नळ्यांचा मोठा अभ्यास झाला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. चांदीचा मुलामा दिलेल्या महागड्या नळीने लक्षणं असलेला संसर्ग साध्या नळीपेक्षा काही कमी झाला नाही. सोनगीरच्या माणसाला हे ऐकून गंमत वाटेल. तांब्यावर जंतू तग धरत नाहीत हे खरं आहे, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंना तशी अधिकृत मान्यताही दिली. पण दाराच्या कड्या आणि खाटांचे दांडे पितळेचे केले म्हणून न धुतलेला हात स्वच्छ होत नाही, आणि तांब्याच्या तांब्यातलं पाणी पिऊन क्लेबसिएला मरत नाही. व्हॉट्सअॅपवर तसा निरोप आला तर पुढे पाठवू नका. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय एकच आहे. गरज नसेल तर नळी घालू नका, गरज संपली की त्याच दिवशी काढा. याला पैसे लागत नाहीत. कदाचित म्हणूनच हा उपाय कुणी विकत नाही.

पैशाचा मुद्दा इथेच येतो. अमेरिकेत सरकारी विम्याने ऑक्टोबर २००८ पासून ठरवलं की रुग्णालयात आल्यावर नळीमुळे झालेल्या संसर्गाचे जादा पैसे आम्ही देणार नाही. त्याने सगळं सुधारलं असं नाही, आयसीयूत तर हे काम फार अवघड आहे असं तिथले अभ्यास सांगतात. पण निदान तत्त्व तरी ठरलं की तुमच्या दाराआत झालेल्या संसर्गाचं बिल रुग्णावर फाडायचं नाही. आपल्याकडे उलट आहे. चाचांचे नवव्यापासून सतराव्यापर्यंतचे दिवस हे बिलातले सगळ्यात महागडे दिवस होते. आयसीयूचं भाडं, दिवसाला तीन वेळा मेरोपेनेम, मग कोलिस्टिन, मग डायलिसिस. चाचीने बांगड्या मोडल्या, धाकट्याने रिक्षा विकली. ज्या संसर्गाने माणूस गेला त्याच संसर्गाचे पैसे आम्ही भरले.

आता सरकार. १ मार्च २०१४ पासून देशात 'अनुसूची एच-१' लागू आहे. तिसऱ्या पिढीतली सेफालोस्पोरिन, कार्बापेनेम अशी औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, विकली तर डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची, असा कायदा आहे. सेफिक्झिम त्या यादीत आहे. आता तुम्ही तुमच्या मोहल्ल्यातल्या मेडिकलवर जा आणि "पेशाब में जलन है" म्हणा. किती दुकानांत चिठ्ठी मागतात आणि किती दुकानांत ती वही बाहेर निघते, ते स्वतः बघा. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. केरळने २०१८ मध्ये राज्याचा स्वतःचा आराखडा केला आणि २०२४ मध्ये चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर धाडींची मोहीम काढली. जे केरळला जमतं ते आपल्याला का जमू नये?

२००६ मध्ये आपल्या खानदेशातल्या नवापूरचं नाव बर्ड फ्लूमुळे देशभर गेलं. आपण तेव्हा कोंबडीच्या आजाराला घाबरलो. पण कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून देशभर खाद्यात कोलिस्टिन मिसळलं जात होतं, त्याची भीती कुणाला वाटली नाही. त्यावर बंदी आली २०१९ मध्ये. माणसाचं शेवटचं औषध आपण कोंबड्यांना पहिलं औषध म्हणून चारलं.

सरकारला आणि डॉक्टरांना बोललो, आता स्वतःकडे वळतो. नाहीतर हा लेख लिहायचा मला हक्क नाही.

ताप आला की दोन दिवसांत सुई आणि सलाईन लावणारा डॉक्टर आपल्याला चांगला वाटतो. "पाणी प्या, तीन दिवस बघू" म्हणणारा डॉक्टर आपल्याला अडाणी वाटतो. यंत्रमागावर बारा तास उभा राहणाऱ्या माणसाला खाडा परवडत नाही, हे मला माहीत आहे. धुळ्यात आणि मालेगावात मी तीच माणसं पाहत मोठा झालो. पण दोन गोळ्या खाऊन बरं वाटलं की उरलेल्या पुढच्या तापासाठी जपून ठेवणं, बायकोच्या चिठ्ठीवर मेहुणीला औषध आणणं, हे आपणच करतो. आपल्या बायका लघवीच्या जळजळीबद्दल घरात बोलत नाहीत. कामाच्या ठिकाणी संडास नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि शेवटी लहान भावाला मेडिकलवर पिटाळून 'जलन की गोली' मागवतात. अशा दहा अर्धवट गोळ्यांनी शरीरातले जंतू तालीम करून ठेवतात. तीच बाई उद्या आयसीयूत गेली, तर नळीवाटे वर चढणारा जंतू बाहेरचाच असेल असं नाही. तो तिच्या स्वतःच्या आतड्यातला, आपणच पोसलेला असू शकतो.

आणि स्वच्छतेचं काय? दिवसातून पाच वेळा वजू करणारी आपली जमात. कोपरापर्यंत हात धुण्याची सवय लहानपणापासून लागलेली. तरी आयसीयूच्या दाराशी वीस-वीस माणसं जमतात आणि एकेक जण आत जाऊन रुग्णाचा हात धरून, चादर सारखी करून, पिशवी हलवून बाहेर येतो. दारातल्या बाटलीतलं औषध हाताला चोळायचं कुणाच्या मनात येत नाही. मीही चोळलं नव्हतं. मस्जिदीत शिरताना जे करतो ते इतक्या दुबळ्या माणसाजवळ जाताना का करत नाही?

मग शेवटी, "अल्लाह की मर्ज़ी." जनाज्यानंतर मला हे चाळीस माणसांनी ऐकवलं. मृत्यू त्याच्या हातात आहे, यावर माझाही विश्वास आहे. पण नळी माणसाच्या हातात होती. नवव्या दिवशी ती तिथे होती, यात मर्जी आमची होती, त्या रुग्णालयाची होती. माणसाच्या हलगर्जीपणाचं खापर अल्लाहवर फोडणं याला मी तवक्कुल म्हणायला तयार नाही.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ज्या रुग्णालयांना सरकार पैसे देतं, त्यांच्याकडून आयसीयूतल्या नळीच्या संसर्गाचा हिशेब दर महिन्याला मागावा आणि तो दारावर लावायला लावावा. रुग्णालयात झालेल्या संसर्गाच्या जादा दिवसांचे पैसे रुग्णाकडून घेऊ नयेत. नळीची गरज संपली की ती काढायचा अधिकार नियम ठरवून सिस्टरना द्यावा, त्यासाठी मोठ्या डॉक्टरांच्या फेरीची वाट बघायला लावू नये. तालुक्याच्या रुग्णालयातला नमुनाही वेळेत जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोचावा आणि कल्चरचा रिपोर्ट नातेवाईकांना मराठीत समजावून सांगावा. औषध प्रशासनाने एच-१ च्या वह्या उघडून बघाव्यात. यातली एकही मागणी चंद्रावर जाण्याइतकी अवघड नाही.

सरकार हे करेल तेव्हा करेल. तोपर्यंत तुमचं माणूस आयसीयूत असेल तर दररोज सकाळी, आवाज न चढवता, हात जोडून का होईना, डॉक्टरांना एवढं विचारा. नळी आज लागणारच आहे का, कशासाठी? निघाली तर भांडं द्यायला आम्ही बसू का? अँटिबायोटिक कशासाठी चालू आहे आणि कधी बंद होणार? कल्चर पाठवलंय का? हे विचारणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. चांगला डॉक्टर अशा प्रश्नाने रागावत नाही. रागावला तरी विचारा. आणि "भारीतलं द्या" हे वाक्य तोंडातून काढू नका. फक्त ते वाक्य स्वतःच्या हातांनी, हात धुऊन, नळी काढून घ्या असं बदला.

चाचा शिकलेले नव्हते. जंतू, जनुक, क्लेबसिएला यातलं एक अक्षर त्यांना ठाऊक नव्हतं. पण चौथ्या दिवसापासून त्या आयसीयूत योग्य गोष्ट बोलणारे ते एकटेच होते. त्यांना पाक व्हायचं होतं म्हणून ते नळी काढा म्हणत होते, आणि पुस्तकही तेच म्हणत होतं. आम्ही शिकलेले पाच जण त्यांच्या खाटेभोवती उभे होतो आणि त्यांना म्हणत होतो, "चाचा, चुप बैठो, डॉक्टर को मालूम है."